टायकल

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४ (भाऊबीज)

ओवाळून झालं, भावाने तबकात पाकीट टाकलं आणि "थांब ताई, भाचीचं वेगळं आहे" म्हणत खाली गाडीकडे पळाला. वर आला तो काखेत भलंमोठं खोकं घेऊन. मनूला खोकंच इतकं आवडलं की आतली वस्तू बाहेर निघाल्यावर ती स्वतः आत जाऊन बसली. सायकल बिचारी अर्धा तास सोफ्याला टेकून होती. हिला स्टँड नसतो.

स्टँड नाही, पायडल नाही, चेन नाही, ब्रेक नाही. बारा इंची दोन चाकं, हँडल आणि सीट. बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, सायकल उलटसुलट करून पाहिली आणि भावाला विचारलं, "बाकीची कधी येणार?"

भावाने समजावलं. बॅलन्स बाईक म्हणतात हिला. मूल सीटवर बसतं, पायाने जमीन ढकलत पुढे जातं, तोल सांभाळायला शिकतं. पायडल नंतर, दुसऱ्या सायकलला. बाबांनी किंमत विचारली. भावाने सांगितली. (खऱ्या किमतीतून सातशे कमी करून, हे मला स्वयंपाकघरात कळलं.) बाबा म्हणाले, "पायडल नाहीत त्याचे कमी करून घ्यायचे होतेस."

सोमवार, ४ नोव्हेंबर

ऑफिसातून आले तर सायकल हॉलच्या मधोमध उलटी, चाकं वर. मनू मागचं चाक हाताने गरागरा फिरवत होती आणि सासूबाई समोर रिकामा डबा घेऊन बसल्या होत्या. "दळण," मनूने मला सांगितलं. गिरणी सुरू होती.

शनिवार, ९ नोव्हेंबर

गिरणीला पाच दिवस झाले. आज नवऱ्याने मनावर घेतलं.

पहिल्याच फटक्यात चूक केली ती आम्ही दोघांनी मिळून. सीट आपल्या हिशेबाने लावली, पाय नीट लांब होईल अशी, मोठ्यांच्या सायकलची सवय. मनू बसली, चवड्यांवर उभी राहिल्यासारखी झाली, घाबरली आणि उतरून खोक्यात गेली. इथे उलटं असतं. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे, तरच तिला जमीन मागे ढकलता येणार. मग माप घेतलं. अनवाणी भिंतीला टेकून उभी केली, दोन पायांच्या मध्ये एक पातळ पुस्तक आडवं वर सरकवलं आणि त्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलीने खूण केली. जमिनीपासून तेहतीस सेंटिमीटर. सीट त्याहून तीन सेंटिमीटर खाली, म्हणजे तीस. नवीन रंग दिलेल्या भिंतीवर पेन्सिल, आणि नवरा म्हणतो राहू दे.

वजनही करून घेतलं. मनू अकरा किलो, सायकल साडेतीन. मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असली तर ठीक, नाहीतर पडल्यावर ती त्यांना उचलता येत नाही आणि वळवताना सायकलच मुलाला ओढत नेते. आमची जेमतेम आत बसते. हवेची टायर असती तर आणखी जड झाली असती. हिची फोमची आहेत, पंक्चरची भानगड नाही, पण गुळगुळीत फरशीवर सुळकन सरकतात.

हेल्मेट मात्र आवडलं. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जाईल इतकंच सैल, एवढं बघून घातलं. ते घालूनच वरणभात खाल्ला. घसरगुंडीवर जाताना काढायचं हा एकच नियम मी कडक ठेवलाय, पट्टा कुठे अडकला तर गळ्याशी फास बसायचा.

शनिवार, १६ नोव्हेंबर

याला सायकल चालवणं म्हणत असतील तर मी विमान चालवते.

रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये आम्ही दोघी. ती सीटवर बसतच नाही. सायकल दोन पायांच्या मध्ये घेऊन उभ्या उभ्या चालते, चार पावलं, मग थांबते. मांजर बघते. वॉचमनकाकांना सायकल दाखवते, रोज नव्याने. काका रोज नव्याने आश्चर्य करतात, माणूस फार चांगला आहे. पुन्हा चार पावलं. माझ्या हाताला काहीच काम नाही. सीट इतकी खाली की धरायला गेले तर कंबरेचं काम तमाम, आणि हँडलला हात लावला की "मी! मी!" अशी आरोळी. मग मी तिच्या मागून चालत राहते, हात मागे बांधून, लग्नात जेवणाच्या पंगतीवर देखरेख करणाऱ्या काकांसारखी.

शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाची सायकल खरी आहे, पायडलवाली, मागे दोन्ही बाजूंना छोटी चाकं. खडखडाट करत तो आमच्याभोवती तीन चकरा मारतो तेवढ्यात मनू एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पोचते. त्याची आजी म्हणाली, "तुम्ही पण तशी घ्यायची, लगेच चालवली असती." मला पटलंच होतं जवळजवळ.

रात्री नवऱ्याने कागदावर आकृती काढली. मी मागितली नव्हती, पण इंजिनिअर माणसाला थांबवता येत नाही. सायकल उजवीकडे कलली की हँडल उजवीकडेच वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा आपल्या अंगाखाली येतात आणि आपण सरळ होतो. सगळी विद्या इतकीच. आपण मोठी माणसं हे दर क्षणाला करतो आणि विचारलं तर सांगता येत नाही. बाजूची चाकं लावली की सायकल कलतच नाही, म्हणजे जे शिकायचं तेच बाजूला राहतं. मुलगा शिकतो ते पायडल मारणं, जे तसंही एका दुपारीत येतं. शिवाय वळणावर तिचाकीसारखं अंग बाहेर फेकलं जातं, ती सवय पुढे मोडावी लागते. मी त्या मुलाकडे नीट बघायचं ठरवलं. खरंच, वळताना तो बाहेरच्या बाजूला झुकतो.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. शाळेच्या मैदानावर न्यायचं ठरलं होतं, पण त्या शाळेतच मतदान केंद्र, फाटकाशी पोलीस. परत पार्किंग. सगळ्यांच्या गाड्या जागच्या जागी, त्यामुळे तेही अर्धंच मोकळं.

बाबा नारायण पेठेत मत देऊन रिक्षाने इकडे आले. मनूने त्यांच्या बोटावरची शाई अर्धा तास पुसून पाहिली. मग "आजोबा, टायकल" म्हणून खाली घेऊन गेली.

बाबांना राहवेना. सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेत पट्टा, आणि वाकून सीट धरतोय. मनूने हात झटकला. त्यांनी पुन्हा सीट धरली. तिने पुन्हा झटकला आणि चक्क सायकल टाकून निघून गेली. बाबा सरळ झाले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "धरायचं नाही तर शिकवायचं कसं?"

मला ९४ सालची मे महिन्याची सुट्टी आठवली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तासाला दोन रुपये, वहीत नाव आणि वेळ, उशीर झाला की पुढचा अर्धा तास धरणार. लहान सायकली दोनच, त्यातली एक कायम कोणीतरी नेलेली. म्हणून मी शिकले ती मोठ्या सायकलवर, नळीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत. अंग एकीकडे, सायकल दुसरीकडे. बाबा कॅरिअर धरून मागे पळायचे, ऑफिसची पँट मोज्यात खोचून. "बघ समोर! समोर बघ! धरलंय मी!" आणि एका संध्याकाळी तो आवाज लांबून आला. मी मागे वळून पाहिलं. बाबा पार तिकडे, दत्ताच्या देवळापाशी, दोन्ही हात वर करून हसत उभे. मी थेट पिठाच्या गिरणीच्या पायरीवर. उजव्या कोपरावर खूण अजून आहे.

घरात हा किस्सा नेहमी आनंदाचा म्हणून सांगितला जातो. बाबांच्या हुशारीचा. मीही तसाच सांगते. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला सायकल आली याचा आनंद झाला नव्हता. "धरलंय" म्हणाले आणि धरलं नव्हतं, एवढंच डोक्यात होतं. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते आठवतही नाही. आज तिथे उभी असताना विचारावंसं वाटलं, पण शाई लावलेल्या बोटाने ते पाठ दाबत होते. नाही विचारलं.

वर आल्यावर नवऱ्याने बाबांना सांगितलं की पायडल ही मागाहून आलेली चैन आहे. पहिली सायकल अशीच होती. जर्मनीत मान्हाइमला कार्ल फॉन ड्राइस नावाच्या माणसाने १२ जून १८१७ ला लाकडाची दोन चाकं एकामागे एक लावून, वर बसून, पायाने जमीन ढकलत येऊन-जाऊन तेरा-चौदा किलोमीटर मारले, तासाभराच्या आत. वीसेक किलोचं धूड. पुढच्या चाकाला पायडल लागले ते १८६० नंतर, पॅरिसमध्ये. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं जगाकडे मनूचीच सायकल होती.

बाबांनी शांतपणे ऐकलं. "त्याला ब्रेक होता का?"

नवऱ्याने फोनमध्ये शोधलं. होता. दोरीने ओढायचा, मागच्या चाकावर. बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

सोसायटीच्या ग्रुपवर निरोप: पार्किंगमध्ये मुलांनी सायकली चालवू नयेत, गाड्यांना चरे पडतात. नाव घेतलं नाही, पण चरा पडण्याइतका वेग कोणाचा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमची तर ताशी एक खांब.

नवरा म्हणाला, ड्राइसच्या गाडीवरही शहरांनी पदपथावर बंदी घातली होती. हा माणूस हल्ली प्रत्येक गोष्टीत ड्राइसला आणतो. भाजी आणायला पाठवला तर ड्राइस कोथिंबीर कशी निवडायचा ते सांगेल.

सकाळी साडेसातची वेळ ठरवली, गाड्या निघायच्या आधी.

रविवार, १ डिसेंबर

आता बसते. बसून चालते. मध्येच एकदम पळतेही, आणि पळाली की माझ्या छातीत धस्स होतं.

आज व्हायचं ते झालं. थंडीमुळे मी शाल नीट करत होते, दोन सेकंद. ती वळून तळघराच्या उताराकडे. उतार फार नाही, पण या सायकलला ब्रेक म्हणजे तिचे बूट, आणि उतारावर पाय भराभर उचलावे लागतात हे तिला कुठे माहीत. मी धावले. पोचायच्या आत तिने स्वतःच सायकल आडवी टाकली आणि बसकण मारली. तळहात थोडा खरचटला. बुटांची टोकं तर आधीच पांढरी पडली आहेत, महिन्याभरात नवीन जोड लागणार. (चप्पल घालून अजिबात नाही, हे मी पहिल्या आठवड्यात शिकले. पायाच्या अंगठ्यावरून शिकले, तिच्या.)

रडली नाही. मी रडले थोडी, जिन्यात.

उताराच्या तोंडाशी आता वॉचमनकाका सकाळी दोन कुंड्या आडव्या लावून ठेवतात. मी सांगितलं नव्हतं.

रविवार, ८ डिसेंबर

आठवडाभर सायकलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मीही विषय काढला नाही. खरं म्हणजे दोनदा काढला. एकदा सायकल मुद्दाम दारात आणून ठेवली, तर तिच्यावर बाहुलीचं दुपटं वाळत घातलं गेलं.

शनिवार, १४ डिसेंबर (दत्तजयंती)

सकाळी मीच आळस करत होते. मनू हेल्मेट उलटं घालून उशाशी आली. "टायकल."

खाली कोणी नव्हतं. मी चहाचा कप घेऊन खांबाला टेकले. ती बसली, चार पावलं, सहा पावलं, पळाली, आणि मग दोन्ही पाय उचलले. मुद्दाम नाही बहुतेक. उचलले गेले. बगळ्यासारखे मागे, थोडे वर. सायकल चालत राहिली, अगदी गुपचूप, खडखड नाही काही नाही, फरशीवर टायरचा सूं असा आवाज. डावीकडे कलली, हँडल डावीकडे वळलं, सरळ झाली. मग पाय टेकले. मी नंतर जाऊन पेव्हर ब्लॉक मोजले, अकरा. सव्वादोन मीटर असेल.

तिने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं होतं बघेल. ती मांजराकडे गेली.

मी हाक मारली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, फोन वर चार्जिंगला. कप हातात तसाच. ती परत आली आणि पुन्हा केलं, या वेळी सात ब्लॉक, आणि पडली, आणि उठली. तिसऱ्यांदा नवरा आला खाली, तेव्हा नाही जमलं.

संध्याकाळी देवळातून आल्यावर मनूला सुंठवडा तिखट लागला म्हणून तो तिने सायकलच्या सीटवर ठेवला. ते पुसत असतानाच बाबांचा फोन. नवऱ्याने आधीच कळवलं होतं.

"सोडलीस म्हणे आज तिला?"

"धरलीच नव्हती, बाबा."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. टीव्हीवर पालखीचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं.

"बरं," म्हणाले. "ब्रेक कधी बसवताय?"