कुलूप नसलेले दिवस
२००१ साली पुण्यातल्या एका सायबर कॅफेत मी ईमेल तपासायला जात असे, तेव्हा ब्राउझरच्या तळाच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह आहे की नाही हे पाहण्याचे मनातही येत नसे. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला असे (तोही जन्मतारखेचा), आणि लॉग आउट करायचे राहिलेच, तर पुढचे गिऱ्हाईक हाक मारून सांगे. पुष्कळशा संकेतस्थळांवर लॉग-इननंतरची देवाणघेवाण उघड्या पोस्टकार्डासारखी चाले. जीमेलनेसुद्धा एचटीटीपीएस (ही देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करणारी पद्धत; कुलपाचे चिन्ह तिचेच) सर्वांसाठी आपोआप सुरू केले ते जानेवारी २०१० मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या फायरशीप या फायरफॉक्स ब्राउझरच्या एक्स्टेन्शनने (जोड-प्रोग्रॅमने), एकाच उघड्या वाय-फायवर बसलेल्या अनोळखी माणसाची सेशन कुकी (लॉग-इन झाल्याची ओळख पटवणारी छोटी नोंद) उचलून त्याच्या फेसबुक खात्यात किती सहज शिरता येते, हे जगाला दाखवून दिले. पुढे २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा एचटीटीपीएससाठी संकेतस्थळांना लागणारी प्रमाणपत्रे फुकट देऊ लागली आणि खर्चाची सबब संपली. वाटेतली चोरी अशी अवघड झाल्यावर चोर आता थेट फोन करून ओटीपी विचारतो. परवा आईने अशाच एकाला, ‘थांबा, मुलाला विचारून सांगते,’ म्हणून सांगितले, तर त्यानेच घाईघाईने फोन ठेवला.