तुम्ही विचारलंत म्हणून : दवाखान्यातली भांडणं खरोखर तशी असतात का?

वैद्यकीय समाजसेवक म्हणून रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईने घरी बसून पुन्हा डॉक्टरांच्याच मालिका पाहाव्यात, याचे सोलापुरातल्या माझ्या बहुतेक ओळखीच्यांना नवल वाटते. कुणी सरळ विचारते, कुणी हसत विचारते, पण प्रश्न एकच असतो: त्या मालिकांत बहीण बहिणीशी आणि मुलगा बापाशी ऑपरेशन थिएटरच्या दारात भांडतो, तसे खऱ्या दवाखान्यात होते का, आणि होत असेल तर तेच पुन्हा पडद्यावर पाहण्यात तुम्हाला कसली गोडी? उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहिते.

मी या मालिका सलग पाहत नाही. नवे पर्व सुरू झाले की त्याचा पहिला भाग मात्र आवर्जून पाहते. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांवर मालिकेचे पर्व साधारणपणे सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन मे महिन्यात संपते, आणि मधल्या उन्हाळ्यात प्रेक्षक पांगलेला असतो. पहिल्या भागाने जुन्या प्रेक्षकाला परत आणायचे असते आणि नव्यालाही आत घ्यायचे असते. ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारी युक्ती म्हणजे रुग्णालयात एक अनोळखी माणूस आणायचा आणि तो कुणाच्या तरी रक्ताच्या नात्याचा निघायचा. नव्या प्रेक्षकाला त्या माणसाबरोबर सगळे प्रथमच कळत जाते, आणि जुन्या प्रेक्षकाला मिटले असे वाटलेले प्रकरण पुन्हा उघडलेले दिसते. ही लेखकांची सोय आहे हे मला समजते. पण ती खोटी सोय नाही. खऱ्या वॉर्डातही गोष्टीला वळण देणारा माणूस उशिराच येतो. उत्तर अमेरिकेतल्या वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी या माणसाला ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ असे नावच देऊन टाकले आहे: लांब राहणारी, बरेच दिवसांनी आलेली आणि आल्या आल्या सगळे उपचार बदलायला सांगणारी. आमच्याकडे तो बहुधा पुण्याचा मुलगा असतो. आई आजारी पडल्यापासून रात्रंदिवस उशाशी बसलेल्या थोरल्या सुनेला तो आल्याबरोबर विचारतो, ‘इथे कशाला ॲडमिट केलं?’ पुढचे भांडण कशावरून पेटणार हे वॉर्डातल्या मावशींनासुद्धा तेव्हाच कळलेले असते.

‘ग्रेज ॲनाटॉमी’ ही शोंडा राइम्स यांची मालिका एबीसी वाहिनीवर 27 मार्च 2005 रोजी सुरू झाली आणि विसाहून अधिक पर्वे होऊनही ती चालूच आहे. तिच्या चौथ्या पर्वाचा पहिला भाग 27 सप्टेंबर 2007 रोजी दाखवला गेला. माझे सगळे म्हणणे या भागावरून सांगता येते, म्हणून मागचा धागा थोडा सांगायला हवा. नायिका मेरेडिथ ग्रे ही शल्यचिकित्सा शिकणारी डॉक्टर आहे. तिची आई एलिस ही नामांकित सर्जन. तिला अल्झायमर झाला आहे आणि तिच्याच इच्छेखातर मेरेडिथने सुरुवातीला ते जगापासून लपवून ठेवले आहे. वडील थॅचर मेरेडिथच्या लहानपणीच घर सोडून गेले, त्यांनी दुसरे लग्न केले आणि त्यांना मुली झाल्या. तिसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे थॅचरची ही दुसरी पत्नी सुसान उचकी थांबत नाही एवढ्याशा तक्रारीवरून मेरेडिथच्याच रुग्णालयात येते आणि उपचारांतून गुंतागुंत वाढत जाऊन दगावते. थॅचर दुःखाच्या भरात सगळ्यांदेखत मेरेडिथच्या थोबाडीत मारतो. चौथ्या पर्वाच्या सुरुवातीला त्याच रुग्णालयात नव्या इंटर्नची तुकडी येते, आणि तिच्यात लेक्सी ग्रे आहे. ती थॅचर आणि सुसान यांची मुलगी, म्हणजे मेरेडिथची सावत्र बहीण. आई जिथे गेली तिथेच ती कामाला रुजू होते, आणि मेरेडिथला गाठून आपण तिची बहीण असल्याचे सांगून टाकते. मेरेडिथ तिला गळ्यात घेत नाही.

हा प्रसंग पाहिला तेव्हा एका गोष्टीवर माझा विश्वास बसला आणि एका गोष्टीवर मुळीच बसला नाही. मेरेडिथचे थंड राहणे अगदी खरे आहे. वर्षानुवर्षे तुटलेले नाते समोर येऊन उभे राहिले म्हणून माणूस लगेच विरघळत नाही. उलट त्याला आधी राग येतो, आणि तो राग ज्याने काहीच केलेले नसते त्याच्यावर निघतो. विश्वास बसला नाही तो लेक्सीने स्वतः जाऊन सांगण्यावर. आमच्याकडे असे कुणीही सरळ सांगत नाही. सोलापुरात लेक्सी असती तर तिने आधी एका मामांना गाठले असते, मामांनी मेरेडिथच्या मैत्रिणीच्या कानावर घातले असते, आणि अखेरीस दोघीही माझ्या टेबलासमोर येऊन, एकमेकींकडे न बघता, ‘मॅडम, तुम्हीच सांगा तिला’ असे म्हणाल्या असत्या.

माझ्या कामाचा निम्मा भाग हाच होता. कागदोपत्री आम्ही योजनांचे अर्ज भरून घेतो, रेशनकार्ड तपासतो, बेवारस रुग्णांच्या घरच्यांचा शोध घेतो. प्रत्यक्षात मात्र ज्यांना एकमेकांशी बोलायचे नसते त्यांचे बोलणे इकडून तिकडे नेतो. सोलापुरात त्याला भाषेचीही भर पडते. विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून किंवा सीमेपलीकडून आलेल्यांत कन्नड आणि दवाखान्यात मराठी. घरातले भांडण आपल्या भाषेत रंगलेले असते, आणि मी जवळ गेले की एकदम सगळे मराठीत ‘काही नाही, काही नाही’ म्हणू लागतात.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रकरण सांगते. यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक म्हातारे गृहस्थ मधुमेहामुळे पायाला गँग्रीन होऊन दाखल झाले होते. गुडघ्याखाली पाय काढावा लागणार होता. थोरला मुलगा म्हणत होता की काढून टाका, धाकटा म्हणत होता की हात लावाल तर बघा. त्यांच्या पलंगाजवळ रोज दोन घरांचे दोन डबे येत, आणि कोणत्या सुनेचा डबा उघडला जातो यावर दोन्ही बाजूंची करडी नजर असे. दोघा भावांत घराच्या वाटणीवरून बोलणे बंद होते. धाकटा वडिलांजवळ राहत होता, आणि पाय गेल्यावर वडिलांचे सगळे आपल्याच बायकोला करावे लागेल अशी त्याला धास्ती होती. हे दोघेही मला वेगवेगळे, जिन्यात आणि चहाच्या टपरीवर, सांगून गेले. एकमेकांना कधीच नाही. धाकटा डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, वडिलांना घरी न्यायला निघाला तेव्हा मी पलंगाजवळ जाऊन म्हाताऱ्यांनाच विचारले. ते म्हणाले, ‘मी सकाळच्या राउंडलाच हो म्हणलो की डॉक्टरांना.’ त्यांनी खरोखरच होकार दिला होता. फक्त संमतिपत्रावर त्यांची सही घ्यायचे राहिले होते, कारण नातेवाईक आले की घेऊ, असे ठरले होते.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल दिला होता: रुग्ण स्त्री सज्ञान होती, तिने केवळ तपासणीसाठी संमती दिली होती, आणि ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना अशी दुसऱ्याने दिलेली संमती वैध नाही, असे न्यायालयाने सांगितले. तरी आजही वॉर्डात ‘सही कोण करणार?’ हा प्रश्न पलंगावरच्या माणसाला नव्हे, तर दारातल्या घोळक्याला विचारला जातो. भांडणाला सुरुवात बहुतेक वेळा याच प्रश्नाने होते, कारण सही करणारा तोच घरातला कर्ता, असे सगळे धरून चालतात. अमेरिकन मालिकांत हे भांडण मुख्यतः रुग्ण बेशुद्ध असेल तेव्हाच रंगते. शुद्धीवरचा रुग्ण तिथे सगळ्यांना गप्प करून स्वतःचे म्हणणे सांगतो. माझ्या दृष्टीने त्या मालिकांतला सर्वांत परका भाग तोच आहे.

वैद्यकीय चुकांबद्दल फार लिहीत नाही, त्या डॉक्टर मंडळींनी काढाव्यात. एकीचा मात्र घरच्यांशी संबंध आहे. 1996 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ‘ईआर’, ‘शिकागो होप’ या डॉक्टरांच्या मालिका आणि आणखी एका कार्यक्रमातले हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रसंग मोजले होते, आणि त्यांत तब्बल 75 टक्के रुग्ण त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षात ते प्रमाण याच्या जवळपासही नसते. आयसीयूच्या बाहेर ‘अजून एकदा शॉक द्या’ म्हणून अंगावर येणारा मुलगा दुष्ट नसतो. त्याने पडद्यावर माणसे उठून बसताना पाहिलेली असतात.

आपल्या मालिकांशी तुलना करायचीच तर मला एक फरक दिसतो. आपल्या रोजच्या मराठी-हिंदी मालिकांत दवाखाना कुटुंबाच्या गोष्टीत येतो: सासूला झटका येतो, सगळे कॉरिडॉरमध्ये जमतात, डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात, आणि दोन दिवसांत कथा पुन्हा दिवाणखान्यात परतते. त्या डॉक्टरला घर नसते, बहुतेकदा नावही नसते. शिवाय रोज चालणाऱ्या मालिकेला पर्वच नसल्यामुळे भांडणाला सुरुवातही नसते आणि शेवटही नसतो. ‘ग्रेज ॲनाटॉमी’त उलट कुटुंब दवाखान्याच्या गोष्टीत येते. अकराव्या पर्वाची सुरुवात, सप्टेंबर 2014 मधली, याच पद्धतीची आहे. दहाव्या पर्वाच्या अखेरीस मॅगी पियर्स ही नवी हृदयशल्यचिकित्सक रिचर्ड वेबर यांना सांगते की आपली जन्मदाती एलिस ग्रे होती. आणि एलिसशी एकेकाळी प्रेमसंबंध असलेल्या रिचर्डना आपणच तिचे वडील असल्याचे उमगते. नव्या पर्वाला सुरुवात होते ती हे गुपित पोटात घेऊनच. एकदा वापरलेली बहिणीची युक्ती पुन्हा वापरली म्हणून मी पहिल्यांदा नाक मुरडले होते. मात्र यावेळी सांगणारीला धीर होत नाही, ज्यांना ठाऊक आहे ते गप्प राहतात, आणि सगळे एकाच छताखाली काम करत राहतात. हे मला सोलापूरच्या अधिक जवळचे वाटले.

भारतीय प्रयत्नांत ‘मुंबई डायरीज’ या रुग्णालयावरच्या वेबमालिकेचे दुसरे पर्व, ऑक्टोबर 2023 मध्ये आलेले, मी माझ्या व्यवसायाच्या कुतूहलाने पाहिले. त्यात कोंकणा सेन शर्मा यांनी रंगवलेली चित्रा दास ही रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची प्रमुख आहे, म्हणजे थोडक्यात माझ्याच खात्यातली. या पर्वात मुंबई पुरात बुडत असताना तिचा पूर्वीचा नवरा, ज्याच्या छळातून ती बाहेर पडलेली असते, तिच्या रुग्णालयात येऊन उभा राहतो. चित्रा मूळची डॉक्टर असल्यामुळे रुग्णांवर उपचारही करते. आमच्यापैकी कुणाला ते जमले नसते आणि कुणी करूही दिले नसते. पण लोकांची घरे सावरणारी बाई स्वतःच्या घरातली गोष्ट सहकाऱ्यांना सांगत नाही, हे ज्याने कुणी लिहिले त्याला आमचे खाते नीट माहीत आहे.

मग गोडी कसली, हा प्रश्न उरतो. ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या सहाव्या पर्वात थॅचरचे यकृत निकामी होते. लेक्सीचे यकृत जुळत नाही, आणि ज्या बापाने मेरेडिथला सोडले त्याला ती आपल्या यकृताचा तुकडा देते. त्याच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे, लेक्सीला तिचा बाप उरावा म्हणून, आणि ती तसे त्याला तोंडावर सांगते. आपल्याकडे अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यात जवळचे नातेवाईक कोण याची यादी आहे, दात्याने स्वेच्छेने होकार दिला की नाही हे तपासण्याची रीत आहे, आणि तरी जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे. दवाखान्यात मूत्रपिंड द्यायला तयार झालेल्या बायका मी पाहिल्या. त्यांच्यातल्या एकीनेही ‘मी हे तुमच्यासाठी करत नाही’ असे वाक्य उच्चारले नाही, आणि उच्चारले असते तर घरात काय झाले असते हे मला माहीत आहे. पडद्यावर ते कुणीतरी उच्चारते, समोरचा ऐकून घेतो, आणि तरीही शस्त्रक्रिया होते. मला तेवढे पाहायचे असते.

आता ज्यांना माझे ऐकून ही मालिका सुरू करायची आहे त्यांच्यासाठी: पहिले पर्व नऊच भागांचे आहे, ते पूर्ण पाहा, कारण एलिस त्यात आहे. दुसऱ्यातले वगळाल तर चालेल. तिसऱ्याचे शेवटचे काही भाग मात्र चुकवू नका. थॅचरने मारलेली ती थोबाडीत पाहिली नसेल, तर चौथ्याच्या सुरुवातीला मेरेडिथ त्या बिचाऱ्या मुलीशी एवढी तुटक का वागते हे समजणार नाही, आणि तुम्ही विनाकारण तिच्यावर रागवाल.