पाणी दारातून येत नाही

खोली बघायला गेले त्या दिवशीच गेटच्या खांबावर दोन रेघा दिसल्या होत्या मला. गुडघ्याच्या आसपास, निळ्या ऑइलपेंटने मारलेल्या, एकमेकींना जवळजवळ चिकटून, आणि शेजारी आकडे, २५४८ आणि २५५४. मला वाटलं लाइटच्या नाहीतर पाण्याच्या मीटरचे नंबर असतील. मी सांगलीची, गावभागात वाढलेली, भिंतीवरची रेघ म्हणजे काय हे आमच्याकडे पोराला शाळेत जायच्या आधी कळतं, आणि तरी मला मीटर नंबर वाटला. महिना ४,५०० बाट भाडं ऐकलं आणि डोकं चालायचं बंद झालं, दुसरं काही नाही.

थायलंडमधल्या चियांग माईला २०२४ मध्ये तीन महिने राहून काम केलं म्हटल्यावर सगळे पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात म्हणून तो आधी उरकून टाकते. बाट तेव्हा अडीच रुपयांच्या आत-बाहेर होता, म्हणजे खोली साधारण अकरा हजाराला. निम्मान भागात, जिथे लॅपटॉपवाली सगळी गोरी जनता राहते, तिथे मला नऊ हजार बाटच्या खाली धड काही दिसलं नाही. माझी खोली चांग ख्लान रोडच्या मागच्या गल्लीत, नाइट बाझारजवळ, तळमजला, दोन पायऱ्या चढून आत. पिंग नदी चालत पाच मिनिटं. मी पुण्यातल्या मैत्रिणीला अभिमानाने सांगितलं होतं, नदी चालत पाच मिनिटं. स्वस्त का होती ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल, माझ्या यायला महिना लागला.

व्हिसाचं पण सांगते, कारण त्यात मी काही आदर्श नाही. भारतीयांना तेव्हा व्हिसाशिवाय ६० दिवस मिळत होते, ते संपत आल्यावर इमिग्रेशनमध्ये १,९०० बाट भरून ३० दिवस वाढवले. लॅपटॉपवर काम करत राहायचं तर त्यांनी २०२४ च्या जुलैत डीटीव्ही नावाचा वेगळा व्हिसा काढलाय, १०,००० बाट फी, पाच वर्षं चालतो, पण खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. माझ्या खात्यात तेवढे असते तर मी नऊ हजारवाली खोली घेतली नसती का. तर माझं बघून कोणी जाऊ नका.

पहिला महिना मात्र खरंच सुखाचा. थायलंड आपल्या दीड तास पुढे, आमचं साडेनऊचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, तिथे अकराला, सकाळ अख्खी मोकळी. वरोरोत मार्केटला जायचं, नदीकाठच्या फुलबाजारातून चक्कर मारायची, लाल सोंगथाओमध्ये, म्हणजे तिथल्या शेअर गाडीत, बसून यायचं, त्याला ३० बाट. खाओ सॉय इतक्या वेळा खाल्लं की गाडीवाली मला बघूनच वाटी भरायला घ्यायची. नारळाच्या दुधाच्या रश्श्यात नूडल्स, वरून परत तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, बाजूला कांदा, लिंबू, मोहरीच्या पानांचं लोणचं. मिसळीचंच गणित आहे हो सगळं, फक्त तर्री गोडसर. डोंगरावरच्या दोइ सुथेप देवळाच्या ३०६ पायऱ्या चढले, फोटो काढले, उतरले. कॅफेंबद्दल मला काही सांगायचं नाही, सगळे सारखे दिसतात आणि सगळ्यांत एसी इतका की शाल न्यावी लागते.

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहायची नवऱ्याबरोबर. थाईत आईपेक्षा वयाने मोठ्या बाईला 'पा' म्हणतात म्हणून मी पण तिला 'पा' म्हणायचे. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला थाई, मधे मोबाइलवरचं ट्रान्सलेट, जे अर्धा वेळ काहीतरी भलतंच बोलायचं. लाइटचं युनिट ७ बाट, हे मात्र तिने बोटं दाखवून पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नदी पहिल्यांदा शहरात शिरली. पाणी आमच्या गल्लीत आलं, पहिली पायरी बुडली, दुसरीला टेकून थांबलं. त्या रात्री पा टॉर्च घेऊन खाली आली आणि तिने खांबावरच्या रेघेवर हात ठेवला, मग पाण्याकडे बोट केलं. २५४८. मग मला एकदम पेटलं की इथे बुद्धाचं साल चालतं, त्यातून ५४३ वजा करायचे. २५४८ म्हणजे २००५. २५५४ म्हणजे २०११.

२००५! त्या वर्षी मी बारा वर्षांची, आमच्या घराच्या माडीवर चार दिवस बसून होते, आणि आमच्या जिन्याच्या भिंतीवर पण बाबांनी २००५ ची रेघ मारलीय, लाल रंगात, तिच्या बरीच वर २०१९ ची. एकाच पावसाळ्यात ही बाई तिच्या गल्लीत आणि आम्ही आमच्या. मी पाला हे सांगायचा प्रयत्न केला तर ट्रान्सलेटने काय सांगितलं देव जाणे, तिने मला केळी आणून दिली.

त्यानंतर माझं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम म्हणजे नावाला. एका टॅबमध्ये टेस्ट केसेस आणि दुसऱ्या टॅबमध्ये पी-१. पी-१ म्हणजे नवरात पुलाजवळचं पाणी मोजायचं ठिकाण. आपल्याकडे सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं हे जसं दूधवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे एकमेकांना विचारतात ना, तसं इथे पी-१ ला किती मीटर. आपली धोक्याची पातळी ४५ फूट, त्यांची ३.७० मीटर. आपल्याला कळतं की आता सूर्यवंशी प्लॉट बुडणार, आता दत्तनगर, तसे त्यांनी पुराच्या नकाशात शहराचे ७ झोनच पाडलेत, पी-१ ला इतकं झालं की हा झोन. आपण कोयनेतून किती सोडलं ते बघतो, ते वरच्या अंगाचं पी-६७ बघतात, तिथलं पाणी सहा-सात तासांत शहरात येतं. मला थाई वाचता येत नाही पण आकडा वाचता येतो आणि ग्राफ कुठल्या बाजूला चाललाय ते कळतं, तेवढं पुरे. आणि नदीला थाईत म्हणतात 'माए नाम'. माए म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. आम्ही कृष्णामाई म्हणतो. पुराला 'नाम थुआम', हे शब्द पण आठवडाभरात पाठ झाले, हॅलो-थँक्यूच्या आधी.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. घरी नवरात्र बसलेलं, आईचा सकाळी फोन, इकडे पी-६७ चा ग्राफ भिंतीसारखा सरळ वर, आणि आमच्या कंपनीला नेमका त्याच रात्री सॉफ्टवेअरचा रिलीज करायचा होता. शुक्रवारी रात्री रिलीज कोण करतं हा प्रश्न मी गेली सहा वर्षं विचारतेय. टीम लीडला सांगितलं पूर येतोय, तर म्हणाला, अगं मग एखाद्या कॅफेत जाऊन बस ना, तिकडे तर सगळे कॅफेतच बसतात. मी काही बोलले नाही. काही लोकांना पूर म्हणजे जोराचा पाऊस वाटतो.

माझं सामान म्हणजे दोन बॅगा, त्या वर नेऊन ठेवल्या, पाच्या शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि रात्री आठच्या कॉलला बसले. खाली पा आणि तिचा नवरा दाराशी वाळूची पोती रचत होते. मला राहवेना. कारण आम्हाला २०१९ ला जे कळलं ते हे, की पाणी दारातून येतच नाही. दारात तुम्ही किल्ला बांधा, पाणी मोरीतून येतं, संडासातून येतं, बुडबुड आवाज करत आतूनच वर येतं, आणि मग तुमची पोती त्याला बाहेर जाऊ देत नाहीत. मी कॉल म्यूट केला, 'मोरीचं भोक बंद करा' हे ट्रान्सलेटमध्ये टाइप करत जिना उतरले. तर खाली पा माझ्या बाथरूममध्ये उकिडवी बसलेली, वाळू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी मोरीत दाबत होती, आणि दुसरी पिशवी कमोडमध्ये आधीच ठेवून झालेली. मी मोबाइल पुढे केला. तिने चष्मा वर करून वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि असली हसली की तोल जाऊन ओल्या फरशीवरच बसली. मी पण बसले. वर लॅपटॉपमधून माझ्या नावाच्या हाका चालल्या होत्या, आर यू देअर, आर यू देअर.

मग आम्ही तिघांनी फ्रिज बांधला. आमचा २०१९ ला टेबलावर ठेवलेला तरीही तरंगून उताणा पडला होता, म्हणून मी खिडकीच्या गजाला दोरी घालायला लावली. हे मात्र पाला माहीत नव्हतं, एवढं एक माझ्या नावावर. कॉलवर परत आले तर लीड म्हणाला बॅकग्राउंडला आवाज फार येतोय, ब्लर कर. आवाज कसा ब्लर करतात कोणी सांगेल का मला?

शनिवारी, ५ तारखेला पी-१ ला ५.३० मीटर झालं, आजवरचं सगळ्यात जास्त. खोलीत गुडघ्यापर्यंत पाणी. लाइट गेलेली, माडीच्या खिडकीत आम्ही तिघं, गल्लीतून होडीवाले चिकट भात आणि तळलेलं डुक्कर पिशवीत घालून देत होते. मी आयुष्यात डुक्कर खाल्लं नव्हतं, नवरात्रात तर चिकनसुद्धा खात नाही, त्या दिवशी खाल्लं. आईला अजून सांगितलेलं नाही, तिने हे वाचलं तर वाचलं. इथल्या लॅपटॉपवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, नोव्हेंबरच्या कंदिलांच्या कार्यक्रमाचं हजारो बाटचं तिकीट काढलंय, रिफंड मिळेल का. ग्रुप सोडला मी.

पाणी उतरायला लागलं तेव्हाची घाई ज्याने गाळ काढलाय त्यालाच कळेल. पाणी आहे तोवरच ढवळून त्याच्याबरोबर गाळ बाहेर लोटायचा, एकदा का तो वाळला की सिमेंट. पा लांब दांड्याच्या रबरी वायपरने लोटायची, मी खराट्याने, एकमेकींना काही सांगावंच लागलं नाही. वास पण तोच. कृष्णेच्या गाळाला जो येतो तोच, मातीचा, ड्रेनेजचा आणि कुठेतरी कुजक्या गवताचा. दोन दिवस नखांतून जात नव्हता. सुट्टी टाकली होती, ती विनापगारी लागली.

महिना संपल्यावर पाने लाइटबिल आणून दिलं. ४१ युनिट, २८७ बाट. चार दिवस लाइट नव्हती, खोली पाण्यात होती, तरी मीटरप्रमाणे एकेक बाट बरोबर. मला इतकं बरं वाटलं ते बघून.

१५ नोव्हेंबरला लॉय क्राथाँग होतं, आपली त्रिपुरी पौर्णिमा. पा-ने केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, उदबत्ती, मेणबत्ती लावून दिली, आम्ही नदीवर जाऊन सोडली. वर्षभर पाणी घाण केलं, वापरलं म्हणून नदीची माफी मागायची असते, तिला ते माए खोंगखा म्हणतात, खोंगखा म्हणजे आपली गंगा. पाने हात जोडले, बराच वेळ काहीतरी पुटपुटली. मला वाटतं ती माफी मागत नव्हती, भांडत होती.

निघायच्या आदल्या दिवशी घराला रंग देणं चालू होतं. खांब पण रंगवला होता, पण रेघांच्या जागी रंगाऱ्याला हात लावू दिला नव्हता, तेवढा पट्टा जुनाच. पाने निळ्या पेंटचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला आणि गाळाचा डाग दाखवला. मी वितीपेक्षा वर नवीन रेघ मारली, थोडी वाकडी आली, बाजूला २५६७ लिहिलं आणि फोटो आईला पाठवला.

दोन मिनिटांत रिप्लाय. 'एवढंच? आपल्या एकोणीसपुढं काहीच नाही. भाडं कापून घेतलंस का?'