म्हशीच्या डॉक्टरला मधमाशीचा पेपर

जर्मनीत जनावरांवर स्वतःच्या सहीने उपचार करायचे तर 'आप्रोबात्सिओन' लागतं. सरकारी परवाना, एकदा मिळाला की कायमचा. स्पेन किंवा पोलंडमध्ये शिकलेल्याला तो फारशी चौकशी न होता मिळतो, कारण युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार सदस्य देशांच्या पशुवैद्यक पदव्या एकमेकांकडे चालतात. किमान पाच वर्षांचं शिक्षण आणि ठरलेले विषय, एवढी अट. मी परभणीची बी.व्ही.एस्सी. लग्नानंतर इकडे आले, तेव्हा माझ्या पदवीचे विषयवार तास मोजण्यापासून सुरुवात झाली.

कागदपत्रांचं पुराण थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेला, शिक्का मारलेला अभ्यासक्रम, राज्य पशुवैद्यक परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, इंटर्नशिपचा दाखला आणि या सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. फाइल ज्या कार्यालयात गेली तिथून दर खेपेला 'आणखी एक कागद कमी आहे' असं पत्र यायचं. सगळं एकदम सांगितलं असतं तर त्यांचं काय बिघडलं असतं कोण जाणे. मधल्या काळापुरता मर्यादित परवाना मिळाला आणि एका मोठ्या दवाखान्यात मी दुसऱ्यांच्या देखरेखीखाली काम करू लागले.

शेवटी निकाल आला: पदवी समतुल्य नाही, ज्ञानपरीक्षा द्या. सोबत तुटीच्या विषयांची यादी. मी ती यादी नवऱ्याला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "यात गाय कुठे आहे?" खरंच नव्हती. वार अडकलेली गाय, आडवं आलेलं वासरू, पोटफुगी, कासदाह, यातलं काहीच त्यांना तपासायचं नव्हतं. त्यांना हवं होतं मांस तपासणी, अन्नकायदा, औषधकायदा, प्राणीसंरक्षण कायदा, मासे आणि मधमाश्या.

माझी आई माळकरी. या विषयांच्या तयारीसाठी डुकरांच्या कत्तलखान्यात मी रोज जाते हे तिला 'लॅबमध्ये जाते' असं सांगितलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. डुकराच्या छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूचा तुकडा पेप्सिन या पाचकरसात आणि आम्लात विरघळवून ट्रायकिनेला या जंताच्या अळ्या शोधायच्या, ही लॅबच. पण मुख्य काम जिच्यावर धडं टांगून पुढे सरकतात त्या साखळीपाशी. तिथे पहिली गोष्ट कळली ती सुरी आवरण्याची. मला जुन्या पद्धतीने ग्रंथी कापून बघण्याची सवय. इथे जून २०१४ पासून डुकराच्या बाबतीत नेहमीची तपासणी फक्त डोळ्यांनी. संशय आला तरच हात लावायचा आणि कापायचं. कारण साधं आहे. क्षयासारखे ज्यांच्यासाठी कापत होते ते रोग डुकरांत जवळजवळ संपले, आणि आता माणूस आजारी पडतो तो साल्मोनेला या जंतूने, जो डोळ्याला दिसत नाही आणि सुरीवरून एका धडातून दुसऱ्यात जातो. तपासणीच रोग पसरवत होती. शिक्षण काळाप्रमाणे बदलायचं म्हणजे नवं काही घालायचं, असं आपण धरून चालतो. इथे तीन पिढ्यांनी घोटलेली गोष्ट काढून टाकली होती. मला त्याचं जास्त कौतुक वाटलं.

मग मधमाशी. आमच्याकडे पोळं म्हणजे धूर आणि पळापळ. जर्मनीत मधमाशी हे अन्न देणारं जनावर, तिला औषध द्यायचं तर दूध देणाऱ्या गाईसारखेच, अन्नात उतरणाऱ्या औषधाच्या अवशेषांचे नियम, आणि 'अमेरिकन फाउलब्रूड' हा तिचा रोग सरकारला कळवावाच लागतो. हा रोग अळ्यांना होतो. पोळ्यातल्या निरोगी घराचं झाकण किंचित फुगलेलं असतं. रोगट घराचं झाकण काळपट, खचलेलं, कधी भोक पडलेलं. एका म्हाताऱ्या मधपाळाने मला काडेपेटीतली काडी दिली, म्हणाला, घाला आत आणि हळू ओढा. काडीबरोबर तपकिरी, चिकट तार निघाली, बोटभर लांब. या चाचणीला यंत्र लागत नाही, परीक्षेत मात्र ती तोंडपाठ हवी. रोगाचे बीजाणू कित्येक दशकं टिकतात, म्हणून जुन्या पेट्या स्वस्तात विकत घेऊ नयेत, हेही त्यानेच सांगितलं.

कायद्याच्या तोंडी परीक्षेची मला खरी धास्ती होती. प्रश्न असा यायचा: दुभत्या गाईला अमुक औषध दिलंत, ते दुभत्या जनावरांसाठी मंजूरच नाही, दूध किती दिवस ओतून द्याल? किमान सात दिवस. मंजूर आहे, पण दुसऱ्या प्रजातीच्या दुधासाठी? मग तिथे लिहिलेल्या मुदतीच्या दीडपट. हे आकडे २८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या युरोपच्या नव्या पशु-औषध नियमांतले. पुढचा प्रश्न प्रतिजैविकांचा. एन्रोफ्लोक्सासिन, सेफ्टिओफर ही आपल्याकडे गावच्या मेडिकलमध्ये मिळणारी नावं. इथे त्यांच्या गटांतलं औषध वापरायचं तर २०१८ पासून नियमाने आधी जंतू वाढवून, कोणतं औषध लागू पडतं ते बघावं लागतं. अपवाद आहेत, पण अपवादाचं कारण लिहून ठेवावं लागतं. परीक्षकाने शांतपणे विचारलं, "आणि शेतकरी म्हणाला की लगेच द्या, तर?" हा प्रश्न औषधशास्त्राचा नाही. उत्तर मात्र तयार होतं, कारण 'डॉक्टर, कडक इंजेक्शन द्या' हे वाक्य मी मराठवाड्यात रोज ऐकलं होतं. तिथे ज्या समजुतीने बोलायचे तेच जर्मनमध्ये सांगितलं.

भाषेची परीक्षा वेगळी असते: आधी मालकाशी बोलणं, मग लेखी नोंद, मग सहकाऱ्याला केस समजावणं. मालकाच्या भूमिकेत परीक्षकच असतो आणि तो मुद्दाम चिडतो. माझा मालक म्हातारा कुत्रा घेऊन आला होता आणि त्याला घर बदलायचं होतं, म्हणून कुत्र्याला 'झोपवा', म्हणजे इंजेक्शन देऊन मारा, म्हणत होता. जर्मन प्राणीसंरक्षण कायद्यात पहिल्याच कलमात आहे की रास्त कारणाशिवाय जनावराला वेदना, त्रास किंवा इजा करता येत नाही. घर बदलणं हे रास्त कारण नाही. ते त्याला अपमान न करता सांगायचं, आणि दुसरा मार्गही दाखवायचा. आपल्याकडे अडचण नेमकी उलट. कंबरेत मोडलेली, उठू न शकणारी गाय खितपत पडलेली असते आणि तिला सोडवा म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. इथे विद्यापीठांत असले संवाद नटांना समोर बसवून मुलांकडून गिरवून घेतात. माझ्या एका मराठी मैत्रिणीला तो फाजील लाड वाटतो. मला नाही वाटत. दवाखान्यातली तरुण मुलं नोकरी सोडतात ती शस्त्रक्रियेला घाबरून नव्हे. रात्री दोन वाजता बिलावरून होणाऱ्या भांडणांना कंटाळून. शुल्काचा दर कायद्याने ठरलेला, त्याखाली जाता येत नाही, तातडीच्या सेवेला वर पन्नास युरो, आणि हे सगळं रडणाऱ्या माणसाला सांगायचं.

परीक्षा पास झाले, परवाना आला. पण ज्या पदवीला 'समतुल्य नाही' म्हणाले तिची किंमत त्यांना नंतर कळली. १० जानेवारी २०२५ ला बर्लिनला लागूनच, ब्रांडेनबुर्गमधल्या होनो गावात लाळ्या खुरकूत, जनावरांच्या तोंडात आणि खुरांत फोड आणणारी साथ, निघाली. जर्मनीत १९८८ नंतर पहिल्यांदा. आणि निघाली कशात, तर म्हशींत! चौदांचा कळप, तीन मेल्या, उरलेल्या मारून टाकल्या. मार्चमध्ये हंगेरी, मग स्लोव्हाकिया. आमच्या दवाखान्यात कोणीही हा रोग जिवंत जनावरात पाहिलेला नव्हता, प्रमुखांनीसुद्धा नाही. सगळ्यांनी माझ्या फोनमधले इंटर्नशिपचे फोटो मागून घेतले.

फोटोंपेक्षा त्यांना हवं होतं ते फोडाचं वय ओळखणं. जिभेवरचा फोड ताजा असला की पांढुरका आणि ताणलेला. फुटला की खाली लालभडक मांस आणि कडेला लोंबणारी साल. तीन-चार दिवसांनी कडा बोथट होऊन वर पिवळट पापुद्रा. यावरून विषाणू गोठ्यात कधी शिरला ते मोजायचं आणि त्या दिवसांत कोणत्या गाड्या येऊन गेल्या ते शोधायचं. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी लाळेच्या तारा लोंबणारे बैल ओळीने उभे असत, हे ज्ञान फुकट मिळायचं. इथल्या मुलांना साडेपाच वर्षांत ते मिळायला जागाच नाही, आणि रोग तर उत्तरेकडे सरकत आहेत: २०२३ पासून गुरा-मेंढ्यांच्या नीलजिव्हेचा (ब्लूटंगचा) नवा प्रकार, २०२५ च्या उन्हाळ्यात इटली-फ्रान्समध्ये लम्पी.

युरोपात सध्या मोठा वाद चालतो की पदवीच्या काळातच मुलांना कुत्रा-मांजर, घोडा, गाय अशा वाटा पाडून द्याव्यात की सगळ्यांना सगळं शिकवावं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला वाटा आहेत, पण परवाना सगळ्या जनावरांचाच मिळतो. मी सगळ्यांना सगळं शिकवावं या बाजूची. पाचांत चार विद्यार्थी मुली, बहुतेक शहरी, बहुतेकींना कुत्र्या-मांजरांचाच दवाखाना काढायचा. वाट पाडून दिली तर गोठ्याकडे फिरकेल कोण? आणि साथ आली की गोठ्यात सगळ्यांनाच उतरावं लागतं.

रोममधला लाळ्या खुरकूत नियंत्रणाचा युरोपीय आयोग युरोपातल्या पशुवैद्यांना हा रोग प्रत्यक्ष दाखवायला केनिया, नेपाळला नेत आला आहे. एका प्राध्यापकांना मी विचारलं, नेपाळपर्यंत येता तर मराठवाडा का नको? ते म्हणाले, प्रस्ताव लिहून द्या. आता तो लिहायला घेतला आहे. आपल्याकडे २०१९ पासून लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि २०३० पर्यंत हा रोग संपवायचा बेत आहे, तेव्हा यायचं तर त्यांनी जरा घाई केलेली बरी.