सैनिक स्कूलच्या परीक्षेची तयारी केव्हापासून करावी? माझा अनुभव

मुलगा तिसरीत असतानाच अमळनेरच्या एका क्लासने आम्हाला सैनिक स्कूलसाठी 'फाउंडेशन बॅच' सुचवली होती. फी भरण्याआधी मी परीक्षेचे स्वरूप पाहिले आणि तो विचार सोडून दिला. सहावीच्या प्रवेशासाठी 150 मिनिटांत 125 प्रश्न सोडवायचे असतात. एकूण 300 गुणांपैकी निम्मे एकट्या गणिताचे, तर भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान यांना प्रत्येकी 50. गणितात लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज असे घटक येतात. ज्याचा भागाकार अजून कच्चा आहे, त्याला सरळव्याज शिकवून नुसती सूत्रे पाठ होतात, हे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून तिसरी-चौथीत तीसपर्यंतचे पाढे आणि रोजचे मोठ्याने वाचन, एवढेच ठेवले. आमच्या घरात अहिराणीच चालते, त्यामुळे प्रमाण मराठीतला उतारा त्याला सुरुवातीला जड जायचा. ती अडचण वाचनानेच सुटली.

खरी तयारी चौथीची परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात सुरू केली. ऊन तापण्याआधी सकाळी दोन तास, नंतर सुट्टी. तरी आई म्हणायचीच, "पोऱ्याले जरासा खेयू दे ना!" तेव्हा पाचवीत होणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेला गणित, मराठी आणि बुद्धिमत्ता होतीच, त्यामुळे दोन्हींचा अभ्यास बराचसा एकत्र झाला, वेगळे करावे लागले ते सामान्यज्ञान. सहावीसाठी मराठी माध्यमातून पेपर देता येतो, तेव्हा इंग्रजीची धास्ती घेण्याचे कारण नव्हते.

सराव पेपरात एकदा त्याने एक प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेवरचे वर्तुळ सोडायला विसरला आणि पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकली. तेव्हापासून दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहायची सवय लावली. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटी एकही वर्तुळ रिकामे ठेवायचे नाही, हेही ठरले.

ही परीक्षा बहुधा जानेवारीत होते, पण 2025 ची 5 एप्रिलला झाली. जादा मिळालेल्या महिन्यांचा फायदा होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात शिष्यवृत्तीनंतर तो कंटाळला आणि गुण घसरू लागले. मग रोजचा अभ्यास निम्मा केला आणि पूर्ण पेपर फक्त रविवारी ठेवला, तेव्हा गाडी रुळावर आली.

अभ्यासापेक्षा लवकर सुरू करावीत ती कागदपत्रे. 31 मार्चला वय 10 ते 12 च्या दरम्यान बसते का, हे आधी पाहावे. अधिवास आणि जातीचा दाखला दिवाळीपूर्वीच काढून ठेवावा, कारण फॉर्म निघाल्यावर सेतू केंद्रात गर्दी होते. लेखी परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणीही असते, म्हणून डोळे आणि दात आम्ही पाचवीच्या सुरुवातीलाच दाखवून घेतले होते.