मगरपट्ट्यातल्या रेड हॅटला जाऊन आलो त्याबद्दल

इंडस्ट्रियल व्हिजिट म्हटलं की बहुतेक वेळा काय होतं, एसी हॉलमध्ये बसवतात, पीपीटी दाखवतात, समोसा आणि शेवटी ग्रुप फोटो. त्यामुळे हडपसरला मगरपट्टा सिटीत रेड हॅटच्या ऑफिसला जायचं ठरलं तेव्हा वर्गातले बरेच जण फक्त अटेंडन्ससाठी आले होते. मी मात्र खूप एक्सायटेड होते, कारण माझ्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षापासून फेडोरा ही रेड हॅटच्या पाठिंब्यावर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टमच आहे आणि त्यावर काम करणारी माणसं प्रत्यक्ष भेटणार होती!

कंपनी १९९३ ची, अमेरिकेतली, लिनक्स या खुल्या कोडच्या ऑपरेटिंग सिस्टमवर उभी राहिलेली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. आता कोड सगळ्यांसाठी खुला असताना लोक पैसे कशाचे देतात, हे आमच्यातल्या एकाने लगेच विचारलंच. तर बँका वगैरे जे सबस्क्रिप्शन घेतात ते सपोर्टसाठी, म्हणजे सिक्युरिटीचं काही निघालं की अपडेट वेळेवर येणार आणि एकच मोठं व्हर्जन साधारण १० वर्षं सांभाळलं जाणार. फेडोरा तर दर सहा महिन्यांनी नवीन येतं, तिथे गोष्टी आधी वापरून बघितल्या जातात आणि मुरल्या की मग एंटरप्राइज लिनक्समध्ये, म्हणजे कंपन्या सबस्क्रिप्शन घेतात त्या प्रॉडक्टमध्ये जातात. हे मला आधी तुकड्यातुकड्यात माहीत होतं, त्या दिवशी सगळं नीट जुळलं.

पण खरी मजा आली ती एका ताईंनी स्क्रीनवर एक पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेली दुरुस्ती, उघडून दाखवला तेव्हा. बदल जेमतेम चार ओळींचा आणि खाली चर्चा ही एवढी लांब, कोणी म्हणतंय टेस्ट कुठे आहे, कोणी म्हणतंय जुन्या मशीनवर हे चालणार नाही, आणि हे सगळं जगात कोणालाही वाचता येतं. दुरुस्ती आधी मूळ प्रोजेक्टमध्ये पाठवायची, मग आपल्या प्रॉडक्टमध्ये घ्यायची, म्हणजे स्पर्धक कंपनीलाही ती फुकट मिळते. आम्हाला कॉलेजात प्रोग्रॅम चालला की मार्क मिळतात, तो असाच का लिहिला हे कोणी विचारतच नाही हो, आणि मला वाटतं हे रिव्ह्यू वाचायला पहिल्या वर्षापासूनच लावलं पाहिजे.

मग लोहित फॉन्टचा विषय निघाला. रेड हॅटने २००४ मध्ये हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले आणि डेबियन, उबंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टमवरही ते मिळतात. आपण ‘दऱ्या’ लिहितो तेव्हा आत ऱ, हलन्त आणि य असे तीन कोड असतात, आणि त्यांचा तो आडवा अर्धा र काढायचा हा नियम फॉन्टमध्ये कोणीतरी लिहावा लागतो, नाहीतर हलन्त सुटा दिसतो आणि दऱ्या मधेच तुटतात. हिंदीत हा र लागतच नाही, म्हणजे तो चुकला तर पटकन लक्षात येणार ते मराठी वाचणाऱ्याच्याच. बग रिपोर्ट करायला कोडिंग यावं लागत नाही, स्क्रीनशॉट, व्हर्जन आणि काय दिसायला हवं होतं एवढं लिहिलं तरी खूप झालं.

मी आणि माझ्या रूममेटने फेडोराच्या वेबलेटवर, म्हणजे भाषांतर करायच्या वेबसाइटवर, अकाउंट काढलंय, सध्या इन्स्टॉलरचं मराठी भाषांतर एकेक ओळ तपासतोय. कोणाला सोबत यायचं असेल तर खाली कमेंट करा, रविवारी दुपारी बसतो आम्ही.