तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यात आपला काय संबंध?

“तुला त्या काळ्या लोकांचं एवढं काय पडलंय? आपला काय संबंध?” मंडळाच्या गणपतीत हे विचारून झालं, सांगलीच्या मावशीने फोनवर विचारलं, नवऱ्याच्या मित्राने आमच्याच घरी जेवताना विचारलं, आणि दर वेळी मी अर्धंमुर्धं काहीतरी बोलून विषय सोडून दिला, कारण भरल्या ताटावर वाद नको वाटतो. आता एकदा नीट लिहून टाकते. २०२० मध्ये आमच्या शहरात, मिनियापोलिसमध्ये, जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाला पोलिसाने कसं मारलं ते तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंय, त्यामुळे ते परत सांगत बसत नाही.

आधी ते “गुलामगिरी संपून दीडशे वर्षं होऊन गेली, किती उगाळायचं” हे घेते. तुम्ही मिनियापोलिसच्या विमानतळावर उतरता ना, तिथून अगदी जवळ, मिसिसिपी आणि मिनेसोटा नद्यांच्या संगमावर फोर्ट स्नेलिंग नावाचा किल्ला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे नेते, तुम्हाला त्या वेळात मॉल बघायचा असतो हे कळत असूनही नेते. त्या किल्ल्यावर १८३६ ते १८४० ह्या काळात ड्रेड स्कॉट नावाचा माणूस एका लष्करी डॉक्टरचा गुलाम म्हणून राहत होता. खरं तर ह्या प्रदेशात कायद्याने गुलामगिरीला बंदी होती. तरी लष्कर अधिकाऱ्यांना नोकर ठेवायला भत्ता द्यायचं आणि काही अधिकारी तो भत्ता घेऊन गुलाम ठेवायचे. इथेच त्याचं हॅरिएटशी लग्न झालं. पुढे दोघांनी सेंट लुईसच्या कोर्टात दावा लावला की आम्ही बंदी असलेल्या प्रदेशात राहिलोय म्हणजे आम्ही मोकळे, आणि तो दावा वर जात जात १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की काळा माणूस ह्या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही आणि गोऱ्या माणसाने मानलाच पाहिजे असा कुठलाही हक्क त्याला नाही. आपण जे म्हणतो ना की हे सगळं तिकडे खाली दक्षिणेत, कापसाच्या शेतात, ते खरं नाही. आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे.

आणि “१८६५ ला संपलं” असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि काळ्या लोकांना गुलामीतून मुक्त केल्याबद्दल अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं, हे आपण शाळेत शिकलो. त्या वर्षी दक्षिणेत काळे लोक मतदान करत होते, निवडून येत होते. १८७७ मध्ये तिथलं केंद्र सरकारचं सैन्य मागे घेतलं आणि मग एकेक करून सगळं काढून घेतलं, मत, शाळा, कोर्टात साक्षीला किंमत. उत्तरेतही काही वेगळं नव्हतं. १९२० मध्ये आमच्याच राज्यात डुलुथला सर्कशीत काम करणाऱ्या तीन काळ्या पोरांना जमावाने तुरुंगातून ओढून भर रस्त्यात फाशी दिलं आणि त्याचे फोटो पोस्टकार्डावर छापून विकले गेले. पुण्यात बसून फुल्यांना ह्या लोकांशी आपला संबंध दिसला होता आणि आम्ही इथे त्यांच्या शेजारी राहून विचारतो, काय संबंध.

आता घराचं, कारण खरं उत्तर तिथे आहे.

आमचं घर दक्षिण मिनियापोलिसमधलं, १९४१ साली बांधलेलं. घेताना आम्ही छप्पर बघितलं, बेसमेंटमध्ये ओल आहे का बघितलं, शाळा बघितल्या. जुनी कागदपत्रं कोण वाचतं. इथल्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ पासून जुनी खरेदीखतं वाचून एक नकाशा केलाय, कुठल्या कुठल्या घरांच्या खतात ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी अट होती त्याचा. मिनियापोलिसमध्ये अशी पहिली अट १९१० ची सापडलीय आणि आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, अशी आठ हजारांच्या वर खतं निघाली. नकाशात आमची गल्ली रंगवलेली दिसली तेव्हा मी काउंटीच्या ऑफिसातून खताची नक्कल मागवली. त्यात स्वच्छ टाइप केलेलं होतं, की ही मिळकत कॉकेशियन वंशाखेरीज कुणालाही विकू नये, भाड्याने देऊ नये, राहायला देऊ नये, मालकाकडे कामाला असलेले नोकर तेवढे वगळून.

तेव्हा बाबा आमच्याकडे आलेले होते. बाबांनी सगळी नोकरी सब-रजिस्ट्रार ऑफिसात काढली. दस्त म्हटला की त्यांना चष्मा लागतो आणि जगाचा विसर पडतो. त्यांनी ती दोन पानं शांतपणे वाचली आणि पहिलं वाक्य काय म्हणाले तर, “मसुदा चांगला केलाय. पळवाट ठेवलेली नाही.” मला इतका राग आला त्यांचा. मग म्हणाले, “कॉकेशियन म्हणजे आपण येतो ना गं त्यात? आर्य ना आपण?” मी म्हटलं बाबा, हा प्रश्न एकाने इथल्या सुप्रीम कोर्टात विचारून झालाय. भगतसिंग थिंड, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याने नागरिकत्वासाठी हेच मांडलं की मी उच्च जातीचा आर्य आहे म्हणून मी गोरा, आणि त्याच्या बाजूने कोर्टात असंही सांगितलं गेलं की लग्नसंबंधांच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे जसं बघतो तसंच उच्च जातीचा हिंदू तिथल्या मूळ रहिवाशांकडे बघतो. १९२३ मध्ये कोर्टाने सांगितलं, नाही, तुम्ही गोरे नाही. आधी ज्या भारतीय लोकांना नागरिकत्व मिळालेलं होतं त्यांतल्या अनेकांचं तेही मग काढून घेतलं गेलं. बाबा काही बोलले नाहीत.

दुपारी शेजारच्या बाई चहाला आल्या. आमच्या मुली त्यांना आजीच म्हणतात. ऐंशीच्या घरातल्या, काळ्या, शिक्षिका म्हणून रिटायर झालेल्या, ह्याच शहरात जन्मलेल्या. बाबांना त्यांच्याबद्दल फार आदर, दोघं रोज कुंपणाशी उभे राहून टोमॅटोबद्दल बोलतात, कोण कुठल्या भाषेत बोलतंय ह्याची फिकीर न करता. मी उत्साहाने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, बघा काय सापडलं. त्यांनी वाचलाच नाही. बोटाने परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, “हे आम्हाला लहानपणापासून माहिती आहे. कागद बघायची वेळ कधी आली नाही.” त्यांची आई आमच्या मागच्याच रस्त्यावरच्या घरांत इस्त्रीला यायची. म्हणजे ती ‘नोकर वगळून’ मधली. शाळा सुटली की त्या आईला भेटायला यायच्या तेव्हा मागच्या दारी, पायरीवर बसून राहायच्या, आत बोलावलं तरच जायचं.

बाबांनी मला सांगितलं, विचार त्यांना, त्यांच्या वडिलांनी कोर्टात का नाही नेलं. मला ते विचारायचं नव्हतं. बाबा म्हणाले, विचार, मी दस्ताचा माणूस आहे, मला कळायला पाहिजे. मी विचारलं. त्या बाबांकडे बघत सावकाश बोलल्या, मी मराठीत सांगत होते. वडील रेल्वेत पोर्टर होते, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले. सैन्यातून आलेल्यांना घरासाठी सरकारी हमीचं कर्ज होतं, तो कागदही त्यांच्याकडे होता, पण बँका काळ्या वस्तीत कर्ज द्यायच्या नाहीत आणि गोऱ्या वस्तीत अटीमुळे घर मिळायचं नाही. शेवटी त्यांनी हप्त्याच्या करारावर घर घेतलं, त्यात पूर्ण पैसे फिटेपर्यंत घर तुमच्या नावावर होत नाही आणि हप्ता चुकला तर घरही जातं आणि भरलेले पैसेही. वडिलांनी एकही हप्ता चुकवला नाही. घर नावावर झालं आणि थोड्याच वर्षांत पस्तीस-डब्ल्यू हायवेसाठी ते पाडलं. आम्ही ज्या हायवेने रोज कामाला जातो तो. आणि कोर्टाचं म्हणाल, तर त्यांनी ४६०० कोलंबस अव्हेन्यूचं नाव घेतलं. १९३१ मध्ये आर्थर आणि ईडिथ ली नावाच्या काळ्या नवराबायकोने ते घर विकत घेतलं, आर्थर पोस्टात नोकरीला, तोही सैनिक, पहिल्या महायुद्धातला, आणि हजारोंचा जमाव रात्रीमागून रात्री त्या घराभोवती जमून दगड मारत होता. लीना स्मिथ नावाच्या काळ्या वकील बाई त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, ते कुटुंब लगेच हललं नाही, पण फार वर्षं राहूही शकलं नाही. “आमच्या घरी मोठी माणसं ही गोष्ट सांगायची,” त्या म्हणाल्या, “आम्ही धीट व्हावं म्हणून नाही, आम्ही कुठल्या रस्त्याने जाऊ नये ते कळावं म्हणून.” ते घर अजून आहे. जॉर्ज फ्लॉइडला जिथे मारलं तिथून मैलभर.

मग त्यांनी बाबांना विचारलं, “तुमच्या गावात माझ्यासारखे लोक कुठे राहायचे?”

मी हे मराठीत सांगायच्या आधीच बाबांना समजलं होतं. ते इंग्लिशमध्येच म्हणाले, “आउटसाइड. आउटसाइड व्हिलेज.” थोड्या वेळाने मला म्हणाले, त्यांना सांग, आमच्याकडे हे दस्तात लिहायची गरज नव्हती, सगळ्यांना पाठ होतं. आणि सांग की इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर त्या वस्तीतल्या लोकांच्या नावाने खरेदीचे दस्त फार कमी आले, आणि का येत नाहीत असं मी कधी विचारलं नाही, माझं काम होतं आलेला दस्त नोंदवायचं. मी सगळं सांगितलं. बाईंनी मान हलवली. “ठीक आहे” म्हणाल्या नाहीत, बाबांच्या हातावर हात वगैरे ठेवला नाही, चहा संपवला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी परत टोमॅटो.

तुम्ही विचारता संबंध काय, तर हा.

आता तुमचा पुढचा मुद्दा, जो एकेकाळी माझाही होता आणि अजूनही तो पूर्ण गेलाय असं म्हणणार नाही. “आपण दोन सुटकेस घेऊन आलो, कुणाचं काही घेतलं नाही, रात्रंदिवस कष्ट केले, मग त्यांना का जमत नाही?” कष्ट खरे आहेत. नवऱ्याने पहिली दोन वर्षं एका खोलीत चौघांबरोबर काढली, ते मी कुणाला खोटं म्हणू देणार नाही. पण १९४६ पर्यंत भारतीय माणसाला इथे येऊन नागरिक होणंच बंद होतं, आणि त्यानंतरही वर्षाला शंभर जणांचा कोटा. तो कोटा १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये हा. त्या वर्षी दक्षिणेतल्या सेल्मा गावात मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या ज्या काळ्या लोकांची पोलिसांनी डोकी फोडली त्यांनी आपल्यासाठी मार खाल्ला असं मी म्हणत नाही, ते स्वतःसाठीच लढत होते, पण वंश बघून माणसाला आत घ्यायचं की नाही हे ठरवणं लाजिरवाणं आहे हे त्यांनी ह्या देशाला कबूल करायला लावलं आणि त्या उघडलेल्या दारातून आपण आलो. तेही डिग्री बघून निवडून घेतलेले आपण. माझी इंजिनियरिंगची फी महाराष्ट्र सरकारच्या कॉलेजात किती होती ते मला आठवतंय, तो खर्च आपल्याकडच्या लोकांनी उचलला, त्यात ज्यांची पोरं त्या कॉलेजात कधी पोचली नाहीत तेही आले. आणि शेजारच्या बाईंच्या वडिलांनी कष्टात काय कमी केलं होतं, हे मला कुणीतरी सांगा.

हो, मला हेही दिसतं की ह्या शहरात सोमालियातून आलेले आहेत, आग्नेय आशियातून आलेले ह्मोंग लोक आहेत, त्यांच्याकडेही काही नव्हतं, सगळ्यांची गोष्ट एकाच खतावरून समजत नाही. गाडीची काच फुटली तेव्हा मी पण चिडले होते आणि पहिला संशय कुणावर आला ते मला माहिती आहे. पण मिनेसोटात साधारण चारातल्या तीन गोऱ्या कुटुंबांचं स्वतःचं घर आहे आणि काळ्यांमध्ये चारात एकाहून थोड्याच जास्त कुटुंबांचं, ह्याचं दुसरं काय कारण सांगणार तुम्ही? आळस? १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ह्या अटी कोर्टातून बजावता येणार नाहीत, मिनेसोटाने १९५३ मध्ये नवीन अटी घालायला बंदी केली, १९६८ मध्ये तर सगळंच बेकायदा झालं, पण तोपर्यंत ज्यांना घर मिळालं त्यांची घरं मुलांना गेली होती आणि ज्यांना नाही मिळालं त्यांच्याकडे मुलांना द्यायला भाड्याच्या पावत्या होत्या.

२०१९ पासून इथे कायदा आहे, घरमालकाला अर्ज करून ही अट रद्दबातल नोंदवून घेता येते. मला तो कागद फाडून टाकावासा वाटत होता. बाबा म्हणाले, दस्त कधी फाडायचा नाही, खाली शेरा मारायचा. कायदाही तसाच आहे, जुनं खत तसंच राहतं आणि वर एक नवीन कागद जोडला जातो. आम्ही तो अर्ज केला. शेजारच्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बरं केलंत, आणि विषय बदलला. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. अर्जाला काही पैसे लागले नाहीत आणि आमचं काही गेलंही नाही.

कारण पैशाचं तसंच राहतं. आमच्या घराची किंमत आम्ही घेतल्यापासून जवळजवळ दुप्पट झालीय, आणि ही गल्ली ‘चांगली’ का मानली जाते त्यात ती अट आहे, ती कितीही वर्षं मेलेली असली तरी. मोठीच्या कॉलेजसाठी आम्ही ह्याच घरावर कर्ज काढलं, बँकेने आठवड्यात हो म्हटलं. नवरा म्हणतो आपण बाजारभावाने पूर्ण पैसे मोजून घर घेतलंय, आपण कुणाचं देणं लागत नाही. कधी मला पटतं. कधी हायवेने जाताना पटत नाही. त्यावर आमची भांडणं होतात, आणि ती मिटलेली नाहीत.